महालातल्या ताईंची कापडी फुलं आणि संत्र्याच्या फुलांचा मुकुट

नवरीचे केस बांधणं हा माझा धंदा, आणि नागपुरात लग्नांची गर्दी ऐन एप्रिल-मेमध्ये. ४५ डिग्रीत सकाळी माळलेला मोगऱ्याचा गजरा पंगत उठेपर्यंत तपकिरी पडतो. म्हणून कापडी फुलं मी पूर्वीपासून वापरते, बहुतेक बाजारातली तयार. आता मात्र इथल्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर बसून हाताने फुलं करणाऱ्या एका ताईंकडूनच घेते. दुकान नाही, पाटी नाही, तोंडोतोंडी काम येतं.

फरक कुठे पडतो ते सांगते. बाजारातलं स्वस्त फूल पॉलिस्टर सॅटिनचं असतं. पाकळी कापायची, कडा मेणबत्तीच्या आचेवर धरायची, कापड वितळून आत वळतं, झालं फूल. लांबून छान दिसतं, पण जवळून फोटो काढला की वितळलेली कडक रेघ दिसते आणि तिच्यात केस अडकतात. अस्सल रेशीम आचेवर वळत नाही, जळतं. केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते. त्याला आकार द्यायचा तर खळच (स्टार्चच) हवी. ताई कापडाला खळ देऊन चौकटीवर ताणून वाळवतात, मग पाकळ्या उरेब (धाग्यांना तिरक्या) कापतात, म्हणजे कडेचे धागे सहज सुटत नाहीत आणि कापड हवं तसं ताणलं जातं. नंतर ओलसर पाकळी वाळूच्या उशीवर ठेवून तापवलेल्या पितळी गोळ्याने दाबतात. पाकळी वाटीसारखी खोलगट होते आणि तशीच राहते. गोळा जास्त तापला तर रेशीम पिवळं पडतं, म्हणून प्रत्येक वेळी आधी चिंधीवर टेकवून बघतात. मी घाई केली की म्हणतात, "थांब वं पोरी, कापडाले वाळू तर दे."

त्यांचं मला सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे संत्र्याच्या फुलांचा मुकुट. सदर भागातल्या चर्चमध्ये लग्न असलेल्या एका मुलीला व्हेलवर (डोक्यावरच्या झिरझिरीत ओढणीवर) टिआरा, म्हणजे खड्यांचा मुकुट, नको होता. राणी व्हिक्टोरियाने १० फेब्रुवारी १८४० ला स्वतःच्या लग्नात संत्र्याच्या फुलांचा मुकुट घातला आणि पुढे ती चाल फार पसरली. ताजी फुलं नसतील तिथे मेणाची नाही तर कापडाची चालायची. मग नागपूरच्या नवरीने दुसरं फूल कशाला घालायचं? ताईंनी आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळा सरताना संत्री फुलतात त्या हंगामाची, वाट पाहिली. काटोलकडच्या बागेतून बहरलेली फांदी आली, तेव्हा एक फूल सुटं करून त्यांनी पाकळ्या कागदावर गिरवून घेतल्या. हे फूल लहान, पाच पाकळ्यांचं, पाकळी जाडसर आणि मागे झुकलेली. ऑर्गंझा हे झिरझिरीत कापड त्याला फार पातळ पडतं, म्हणून त्यांनी रेशमाचे दोन थर खळीने एकमेकांना चिकटवले. मधल्या केसरांसाठी दोऱ्याचं टोक गोंदात बुडवून पिवळ्या रंगवलेल्या रव्यात टेकवलं. कळ्या कापसावर रेशीम ताणून केल्या. देठाकडची हिरवट छटा आणायला पाकळी ओली असतानाच खाली कुंचला टेकवला. रंग आपला आपण वर चढत फिका होत गेला. इतकी नाजूक छटा मी तयार मालात कधी पाहिली नाही. मुकुट हलकाही इतका की थोड्याशा पिनांवर संध्याकाळपर्यंत जागचा हलला नाही.

मुंडावळ्यांवर मोत्यांच्या मधे लावायची बारीक फुलंही त्या करतात. ती ठीक आहेत, पण तिथे मोतीच जास्त दिसतात, पैसे वाचवायचे तर तिथे वाचवा. अंबाड्यासाठी मात्र भंडाऱ्याच्या कोशाच्या (टसर रेशमाच्या) उरलेल्या तुकड्यांची शेवंती घ्याच. कोशाचा मूळचा मधाळ रंग सोन्याच्या दागिन्यांशेजारी फार शोभतो, रंगवायची गरजच नाही.

तक्रार एकच. मुकुटाच्या मागच्या बाजूला तारेची टोकं उघडी राहिली होती आणि नवरीच्या कानामागे टोचत होती. मी ऐनवेळी पट्टी गुंडाळून वेळ निभावली. ताईंना सांगितलं, तेव्हापासून त्या टोकं आत वळवून वर रेशमी दोरा गुंडाळतात. किंमत बाजारापेक्षा बरीच जास्त आहे. मुकुटाचे २,८०० रुपये पडले. सीताबर्डीत तयार मुकुट ४००-५०० ला मिळतो. माझ्या मते पैसे वसूल आहेत, कारण हे फूल पुढच्या लग्नालाही चालतं.

मात्र सांभाळावं लागतं. स्प्रे आधी केसांवर मारून सुकू द्या, फुलं मग लावा. पावसाळ्यात खळ मऊ पडते, म्हणून पुठ्ठ्याच्या डब्यात पातळ कागद चुरगाळून त्यात ठेवा. पाकळी चेपली तर किटलीच्या वाफेवर लांबून क्षणभर धरा आणि बोटाने उचला. ऑर्डर निदान महिनाभर आधी द्या आणि ब्लाउजपीसचा तुकडा सोबत न्या. मोबाइलवरच्या फोटोवरून ताई रंग लावत नाहीत.