मोव्हर डेक सांभाळतो म्हणाला आणि घेऊन गेला

लॉन ट्रॅक्टरला बर्फ ढकलायचं ब्लेड बसवून देतो, तुमचा मोव्हर डेक, म्हणजे पोटाखालचा गवत कापायच्या पात्यांचा खोका, हिवाळाभर माझ्याकडे ठेवतो, पात्यांना धार लावून एप्रिलमध्ये परत आणून जोडतो, असं कोणी म्हणालं तर डेक त्याच्या ट्रेलरवर चढू देऊ नका. माझा गेला. वर 850 डॉलर गेले, आणि तशाच नव्या डेकला 1,180 डॉलर मोजावे लागले.

हिशेब लिहितो, कारण तुम्हालाही साधारण हाच सांगितला जाईल. वापरलेलं 46 इंची ब्लेड आणि त्याची जोडचौकट 465. मागच्या चाकांच्या साखळ्या 70. चाकांना लावायची वजनं 80. मजुरी 140. डेक सांभाळून धार लावायचे 95. यातले 400 फोनवरून आगाऊ घेतले, 450 काम झाल्यावर रोख.

"जाहिरात बघून अनोळखी माणसाला बोलावलंसच कशाला?" हे मला खूप जणांनी ऐकवलं. ऐकवणाऱ्यांनी एकदा ड्राइव्हवेच्या तोंडाशी उभं राहावं. आपण सगळं साफ करतो आणि रस्त्यावरचा बर्फ हटवणारा नांगर जाता जाता तिथे ओल्या, जड बर्फाचा बांध घालून जातो. फावड्याने तो उपसून माझी कंबर गेली आहे. ब्लेडची मला खरोखर गरज होती. आणि तो माणूस अडाणी नव्हता. बॉनेटवरचं नाव पुरत नाही, सीटखालच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर पाठवा, हे त्याने आधी मागितलं. ते बरोबरच आहे. जोडचौकट मॉडेलप्रमाणे बदलते. 46 इंची ब्लेड 30 अंश तिरकं केलं की जेमतेम 40 इंच रुंदी साफ होते, चाकं तेवढ्यात मावली पाहिजेत, तेव्हा त्यांची बाहेरून बाहेर रुंदी मोजा, हेही त्याने सांगितलं. इतकी माहिती असलेल्या माणसावर कोणत्या आधारावर संशय घ्यायचा होता?

माझ्या ट्रॅक्टरला ही चौकट पोटाखालून जाते, म्हणून डेक काढावाच लागतो. त्याने तो सफाईने काढला. ब्रेक लावला, किल्ली काढून माझ्या हातात दिली, डेक सगळ्यात खाली आणला, इंजिनाच्या पुलीवरून पट्टा उतरवला, पिना ओढल्या आणि डेक बाजूने सरकवला. ट्रेलरवर ताडपत्रीखाली आणखी तीन-चार डेक होते. मला वाटलं, चला, याच्याकडे गिऱ्हाईक आहे. माझ्या डेकला त्याने माझ्या डोळ्यांदेखत नारिंगी चिठ्ठी बांधली, तिच्यावर माझं आडनाव आणि एक क्रमांक लिहिला.

बाकीच्या एकाही डेकला चिठ्ठी नव्हती.

मी हे पाहिलं होतं. ते चित्र आजही डोळ्यांपुढून हलत नाही. सांभाळायला आणलेले डेक असते तर कोणता कोणाचा हे त्याला कसं कळणार होतं? चिठ्ठी डेकसाठी नव्हतीच, माझ्यासाठी होती. बायकोने तेव्हाच पावती मागितली. "नंबर लिहिलाय ना, तीच पावती," असं म्हणून त्याने चिठ्ठीचा फोटो काढायला लावला. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात त्याचं नाव नाही, पत्ता नाही, गाडीची पाटीसुद्धा नाही. डेक कोणाच्याही हाती देण्याआधी त्या माणसाचं ओळखपत्र आणि गाडीची नंबरप्लेट टिपून घ्या. राग आला तर येऊ द्या.

ब्लेडही धड नव्हतं. अडथळा लागला की ते पुढे कलंडलं पाहिजे आणि स्प्रिंगांनी परत उभं राहिलं पाहिजे, त्यासाठीच त्या स्प्रिंगा असतात. मी हाताने कलंडवून बघायला गेलो तर तो म्हणाला, "आत्ता नको, स्प्रिंगा नव्या आहेत, बसू देत." पहिल्याच मोठ्या बर्फात ब्लेड फुटपाथच्या काँक्रीटच्या कडेला अडलं, तसूभरही कलंडलं नाही आणि माझी छाती स्टिअरिंगवर आदळली. खाली वाकून बघतो तर कलंडण्याच्या भोकातून आरपार बोल्ट घालून ब्लेड जखडून टाकलेलं. स्प्रिंगा नुसत्या दाखवायला. चौकट माझ्या मॉडेलची नव्हतीच. मूळ भोकं जुळेनात म्हणून ट्रॅक्टरच्या सांगाड्याला ड्रिलने नवी पाडली होती. बोल्टांची डोकी कोरी होती. ग्रेड म्हणजे बोल्टच्या मजबुतीचा दर्जा: ग्रेड 5 च्या बोल्टवर तीन रेघा असतात, ग्रेड 8 वर सहा. कोरं डोकं दिसलं तर पैसे देऊ नका. खालच्या कडेला पत्र्याऐवजी झिजणारी झिजपट्टीही नव्हती, ब्लेडचा पत्राच जमिनीवर घासत होता. ब्लेडला जमिनीपासून किंचित वर धरणाऱ्या बाजूच्या सपात्या इतक्या वर चढवलेल्या की त्या टेकतच नव्हत्या. खडीचा ड्राइव्हवे असता तर सगळी खडी उचलून हिरवळीत गेली असती. पैसे देण्याआधी ब्लेड स्वतःच्या हाताने कलंडवा. कलंडलं नाही तर काम झालेलं नाही.

फोन केला की तो गोड बोलायचा. "डेक आणून देईन तेव्हा सगळं नीट लावून देतो." डेक त्याच्याकडे अडकलेला, मग मी आवाज तरी किती चढवणार? गवत वाढू लागलं आणि नंबर बंद झाला. ही चोरी अशी आखलेली आहे की माणसाला पाच महिने ती चोरी वाटतच नाही. डिसेंबरात मोव्हर डेक कोण शोधतो?

आता ज्यांच्याकडे दाद मागितली त्यांचं ऐका. पोलीस म्हणाले, डेक तुम्ही आपल्या हाताने दिलात, हा दिवाणी मामला. दिवाणीत छोट्या दाव्यांच्या कोर्टात गेलो तर तिथे प्रतिवादीचं नाव आणि पत्ता द्या, त्याशिवाय समन्स कोणाला बजावायचं? तो पत्ता शोधायलाच तर पोलिसांकडे गेलो होतो! पुन्हा पोलीस, पुन्हा तेच उत्तर. बँकेने सांगितलं, 400 डॉलर तुम्ही स्वतः पाठवलेत. अमेरिकेच्या 1978 च्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांच्या कायद्याचं संरक्षण तुमच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांना आहे. म्हणजे खोटं बोलून काढून घेतलेली परवानगी ही परवानगीच! क्रेडिट कार्डाने दिले असते तर 1974 च्या कायद्याप्रमाणे तक्रार करता आली असती, पण तीही पहिल्या स्टेटमेंटपासून 60 दिवसांत आणि लेखी. डेक द्यायचा वायदा एप्रिलचा. साठ दिवस संपेपर्यंत त्याने मला गोड बोलून झुलवलंच असतं. राज्याच्या ग्राहक खात्याने लांबलचक फॉर्म भरून घेतला आणि उत्तरात लिहिलं की आम्ही तुमचे वकील म्हणून काम करू शकत नाही. वकील मागितला होता कोणी? या माणसाविरुद्ध आणखी तक्रारी आहेत का, एवढंच विचारलं होतं. जाहिरात जिथे होती त्यांनी कळवलं, ती जाहिरात आता अस्तित्वात नाही, म्हणून तक्रार नोंदवता येत नाही. ताडपत्रीखालच्या त्या डेकचे मालकही याच दारांवरून फिरत असतील, प्रत्येकाचा मामला वेगळा आणि दिवाणी. हे सगळे कागद एका टेबलावर ठेवायचं काम नक्की कोणाचं आहे, हे मला एकाही कचेरीने सांगितलेलं नाही.

डेक घरातच ठेवा. भिंतीला उभा टेकवला तर फारशी जागा लागत नाही. त्याच्या पट्टीवरच्या क्रमांकाचा आजच फोटो काढा. माझ्याकडे तो नव्हता, म्हणून पोलिसांनी वस्तूचं वर्णनसुद्धा अपुरं ठरवलं.

माझा डेक 42 इंची आहे, डाव्या पुढच्या छोट्या चाकाच्या कंसावर वेल्डिंगची जाड, ओबडधोबड रेघ आहे, आणि गवत बाहेर पडायच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण काळ्याऐवजी करडं आहे. ट्रॅक्टरशिवाय नुसता डेक विकायला काढलेला असा कोणाला दिसला, तर विकत घेऊ नका, विकणाऱ्याच्या गाडीचा नंबर टिपा आणि मला कळवा.