नाइटस्टॉप, लंडन: होस्ट म्हणून अनुभव (५ पैकी ४ स्टार)

लंडनच्या सर्बिटनसारख्या सुखवस्तू उपनगरात बेघर पोरं कुठून येणार, आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, हेच म्हणतील. फुटपाथवर दिसतच नाहीत ना ती, आज या मित्राच्या सोफ्यावर, उद्या त्याच्या, अगदीच नाही तर नाइट बसमध्ये. बहुतेकांचं घरीच बिनसलेलं असतं.

तर नाइटस्टॉप म्हणजे १६ ते २५ वयाच्या अशा मुलामुलींना एक रात्र, कधी थोड्या जास्त, कोणाच्या तरी घरातली रिकामी खोली. १९८७ ला लीड्समध्ये सुरू झालं, आता डीपॉल यूके ही संस्था बघते. होस्ट सगळे व्हॉलंटिअर. पोलीस रेकॉर्ड तपासतात, घर बघून जातात, ट्रेनिंग देतात, घाई करत नाहीत हे मला आवडलं. मुलगा संध्याकाळी येतो, जेवण, आंघोळ, कपडे धुणं, सकाळी नाश्ता करून बाहेर. आपल्या लोकांकडे गेस्टरूम असतेच की, आईबाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर आले की उघडते, एरवी इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग.

आमच्याकडे एक जण आला (नाव-गाव सांगायचं नसतं), आल्या आल्या चार्जर मागितला. वरण-भात दोनदा घेतला, लोणच्याला हात नाही लावला. मग सुपरमार्केटचा युनिफॉर्म मशीनला टाकला कारण सकाळी सहाची शिफ्ट. म्हणजे नोकरी आहे आणि घर नाही! इथे १८ ते २० वयाला किमान पगारच कमी, आणि पस्तिशीच्या आतल्या एकट्या माणसाला सरकार भाड्याला मदत करतं ती साधारण शेअरिंगच्या घरातल्या एका खोलीपुरती, त्यात आमच्याकडची भाडी म्हणजे विचारूच नका.

एक स्टार कापला तो संस्थेचा नाही खरं तर. सगळा डोलारा आमच्यासारख्यांच्या मर्जीवर उभा आहे, ख्रिसमसला होस्टच फिरायला गेले तर पोरांनी जायचं कुठे? आणि ज्यांना व्यसन आहे किंवा डोक्याचा त्रास जास्त आहे त्यांना असं घरात नाही ठेवता येत, त्यांना चोवीस तास स्टाफ असलेलं हॉस्टेलच पाहिजे. ते इथे काढायचं म्हटलं तर घरांच्या किमती पडतील म्हणून हेच शेजारी सह्या गोळा करत फिरतील, लिहून घ्या.

कोणाला होस्ट व्हायचं असेल तर घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांचं चेकिंग होतं, सासूबाई सोबत राहत असतील तर फॉर्म भरायच्या आधी त्यांना नीट समजावून सांगा.