पोह्यांबरोबर चहा, की पोह्यांवर लिंबू?
ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी सकाळच्या लोकलच्या घाईत पोह्यांबरोबरच चहाचा कप रिकामा होतो. पोटात मात्र चहातील टॅनिन पोह्यांतील लोहाला बांधून ठेवते आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, जिथे लोह प्रामुख्याने शोषले जाते, तिथून त्याचा बराच अंश तसाच पुढे सरकतो. याउलट बशीच्या कडेची लिंबाची फोड पिळली, की तिच्यातील क जीवनसत्त्व वनस्पतिजन्य लोहाला शोषणास सुलभ अशा फेरस रूपात आणते. मांसातील लोहाला ही मदत फारशी लागत नाही. शाकाहारी घरात मात्र ती मोलाची आहे. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळावे, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व घटते. चहा सोडायला मी सांगणार नाही, तो तासाभराने घ्यावा. मुलीच्या डब्यात मात्र मी फोड आवर्जून ठेवते.