मॉडेल रेल्वेचा वजनकाटा: खिशातला काटा की लोड सेल?

मी दोन्ही वापरलेत. वॅगन तोलायला आधी खिशातला डिजिटल काटा रुळांखाली बसवला. काही महिन्यांनी तो काढून लोड सेल (भार पडला की विद्युत संकेत देणारा सेन्सर) आणि एचएक्स७११चं (तो संकेत आकड्यात बदलणाऱ्या चिपचं) सर्किट लावलं.

खिशातला काटा एका संध्याकाळी बसून होतो आणि वजनाबद्दल माझी तक्रार नव्हती. तोच डबा पुन्हा आणला की आकडा तोच यायचा. त्रास निराळाच होता. थोडा वेळ बटणाला हात लागला नाही की काटा आपोआप बंद पडायचा, आणि पुन्हा चालू केला की वर जे उभं असेल त्यालाच शून्य धरायचा. शंटिंग (वॅगन पुढे-मागे नेऊन जोडणं-सोडवणं) रंगात आलंय, वॅगन काट्यावर नेमकी थांबवून सोडवलीय, आणि पडदा कोरा! मग वॅगन पुन्हा जोडा, मागे घ्या, बटण दाबा, शून्याची वाट पाहा, परत आणा. बटण तार जोडून लेआउटच्या कडेला आणलं, तरी वॅगन मागे घेणं काही चुकलं नाही. एका बैठकीत हे चार-पाच वेळा झालं की वजन करायचंच टाळावंसं वाटतं.

लोड सेलला मेहनत आहे, हे मान्य. कोड लिहायचा, माहीत असलेलं वजन ठेवून जुळवायचं, खोली तापली की सरकलेलं शून्य पुन्हा बसवायचं. पण शून्य कधी धरायचं ते आपण ठरवतो. शिवाय आकडा टनांत दाखवता येतो. एचओमध्ये, म्हणजे १:८७ प्रमाणाच्या मॉडेलमध्ये, ८७च्या घनाने गुणलं की ११३ ग्रॅमची वॅगन सुमारे ७४ टनांची होते. पडद्यावर ते पाहताना फार छान वाटतं! सेल एक किलोचा घ्यावा, इंजिन चुकून वर गेलं तरी चिंता नाही.

काट्यावरचे रूळ दोन्ही टोकांना सुटे हवेत आणि वॅगन दोन्हीकडून सोडवलेली हवी. यातून कुठल्याच पर्यायात सुटका नाही. रुळांना वीज देणारी तार जाड असेल तर थोडा भार तीच पेलते. माझा आकडा हलत राहायचा तो त्यामुळेच. बारीक, लवचीक तार सैल वळण देऊन लावली, तेव्हा थांबला.

अधूनमधून एखादी वॅगन तोलायची असेल तर खिशातला काटा कदाचित पुरेल. दर फेरीत वजन नोंदवणार असाल तर मात्र मी लोड सेलच सुचवेन. माझ्या काट्यावर आता वॅगन तासभर उभी राहिली तरी आकडा दिसत राहतो.