काशीत सुगम दर्शनाच्या (पैसे भरून पटकन दर्शन) नावाखाली आम्हाला कसं लुटलं, आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर नक्की वाचा

काशीला जायचा प्लॅन असेल आणि सोबत घरातली मोठी माणसं असतील तर हे पूर्ण वाचा. आमचे साडेआठ हजार गेले, ते परत येणार नाहीत हे मला माहितीये, पण माझ्या आईला ज्या पद्धतीने घाबरवलं ते माझ्या डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

मी, आई आणि मावशी असे गेलो होतो. गोदौलिया चौकापर्यंत रिक्षा येते, तिथून पुढे गाड्या सोडत नाहीत त्यामुळे दशाश्वमेध घाटाकडे किंवा विश्वनाथाच्या मंदिराकडे चालतच जावं लागतं, आणि ही लुटणारी मंडळी नेमकी तिथेच उभी असतात. बॅगा, म्हातारी माणसं, इकडेतिकडे बघत चाललेला मुलगा, त्यांना लांबूनच कळतं. एक जण आला, कपाळाला गंध, गळ्यात आयकार्डसारखं काहीतरी लटकवलेलं, आणि चक्क मराठीत "या या काका, महाराष्ट्रातून ना?" मग आईकडे वळून हिंदीत सुरू, "माताजी, ये मंदिर तो आपकी अहिल्याबाई ने बनवाया है, आप लाइन में क्यों लगोगी?" आता खरंच आत्ताचं विश्वनाथाचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1780 मध्ये बांधलं, मंदिराभोवतीच्या नव्या कॉरिडॉरमध्ये त्यांचा पुतळा पण आहे, आणि आपल्या माणसांना त्याचा किती अभिमान असतो हे ह्या लोकांना पक्कं ठाऊक आहे. आई तिथेच विरघळली.

त्याने सांगितलं साधी लाइन चार तासांची, सुगम दर्शन करवून देतो, माणशी 700, आत गाभाऱ्यात हात लावून दर्शन. आईचे गुडघे दुखतात, चार तास ऐकून ती आधीच खचली होती, मी 2,100 कॅश दिले. पावती मागितली तर म्हणाला पावती आत मिळेल.

मग मोबाईल आत चालत नाही (हे खरंय, मोबाईल, कॅमेरा, चामड्याचा पट्टा काही नेऊ देत नाहीत) म्हणून एका दुकानात नेलं. लॉकर फ्री, फक्त प्रसाद आमच्याकडूनच घ्यायचा. टोपलीत बेलाची पानं, धोत्र्याचं फळ, दुधाचा छोटा गडू, एक रुद्राक्षाची माळ आणि पेढ्यांचा पुडा. भाव विचारला तर "जो श्रद्धा हो दे देना", आणि चपला, मोबाईल सगळं लॉकरमध्ये बंद करून किल्ली दुकानदाराच्या खिशात गेल्यावर टोपली 650 ची झाली. दोन टोपल्या, 1,300. चपला काढून, मोबाईल देऊन उभ्या असलेल्या माणसाला भांडायला कुठलं बळ राहतं? त्यांचा सगळा हिशोब ह्यावरच आहे. मंदिराची स्वतःची लॉकरची सोय आहे पण त्या गल्लीत हे तुम्हाला कोणी सांगणार नाही.

खरा प्रकार पुढे झाला. दर्शनाच्या आधी संकल्प करावा लागतो, नाहीतर आत सोडत नाहीत असं सांगून आम्हाला एका अरुंद गल्लीतल्या छोट्या शिवमंदिरात नेलं. तिथे एक पंडित बसलेला. आईच्या उजव्या हातात पाणी, अक्षता, सुपारी, झेंडूचं फूल दिलं, नाव गोत्र विचारलं आणि भराभर संस्कृत सुरू केलं. मधेच हिंदीत, "बोलो माताजी, ग्यारह ब्राह्मण को भोजन कराऊंगी." आई मंत्राच्या ओघात बोलून गेली. लगेच हिशोब, एका ब्राह्मणाचे 1,100, म्हणजे 12,100. मी म्हटलं हे शक्य नाही, तर माझ्याकडे बघितलंच नाही, आईलाच म्हणाला "पानी छोड़ना मत, काशी में संकल्प लेके तोड़ा तो घर पे आता है." आईचा हात थरथरत होता, बोटांमधून पाणी गळतंय, ती हात खाली घेईना आणि माझ्याकडे बघत म्हणाली "दे रे बाबा, दे काय मागतायत ते." शेवटी 5,100 वर आला. मोबाईल लॉकरमध्ये आहे म्हटल्यावर त्यांचा एक पोरगा दुकानातून माझा मोबाईल घेऊन आला, क्यूआर कोड पुढे केला. स्क्रीनवर मंदिर, ट्रस्ट वगैरे काही नाही, एका माणसाचं नाव.

आणि एवढं करून आम्हाला सोडलं कुठे, तर त्याच साध्या लाइनीच्या शेवटी. "बस आगे चलते रहो" म्हणाला आणि गर्दीत गायब. स्पर्श दर्शनाचं तर सोडाच, गर्दीच्या दिवसात ते सरळ बंद असतं, त्या दिवशीही बंदच होतं.

बाहेर आल्यावर मी 112 ला फोन लावला. पोलीस आले, दुकानदाराने त्यांच्यासमोर कानावर हात ठेवले, तो माणूस आमचा नाहीच म्हणाला, पंडिताच्या जागी तोवर दुसराच कोणी बसलेला. अशा लोकांना तिथे पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात तरी हे चालूच आहे.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर त्या संकल्पाचा. दक्षिणा यथाशक्ती असते, धमकी देऊन जे वदवून घेतलं त्याला संकल्प म्हणतच नाहीत. आमच्या घरच्या गुरुजींनी आईला फोनवर हेच समजावलं तेव्हा तिला रात्री झोप लागली. तुमच्या आईला, सासूबाईंना हे निघायच्या आधीच सांगून ठेवा, तिथे गल्लीत सांगून उपयोग नाही.

सुगम दर्शन ही खरी सोय आहे, पण ती मंदिर ट्रस्टच्या अधिकृत वेबसाइटवर किंवा त्यांच्याच काउंटरवर, साधारण 300 रुपयांच्या आसपास, आणि तिची रीतसर पावती मिळते. रस्त्यावर अधिकृतपणे कोणी सुगम दर्शन विकत नाही. मोबाईल हॉटेलवरच ठेवून गेलात तर दुकानाची पायरी चढायचीच गरज नाही.

मणिकर्णिकेवर (जिथे अंत्यसंस्कार होतात त्या घाटावर) कोणी "गरीबों की लकड़ी के लिए दान" म्हणत लाकडाचा किलोचा भाव सांगायला लागला तर थांबू नका, सरळ पुढे चला. नाववाल्याशी भाव बसायच्या आधीच ठरवा, माणशी की पूर्ण नाव ते स्पष्ट विचारून. गंगा आरती घाटाच्या पायऱ्यांवर बसून फुकट दिसते, थोडं लवकर जा. आणि रिक्षावाला "सरकारी बुनकर केंद्र" (विणकरांचं साड्यांचं दुकान) दाखवतो म्हणाला की त्याचं कमिशन तुमच्या साडीच्या किमतीत लागणार हे धरूनच चाला.

अस्थी विसर्जन किंवा पिंडदानासाठी जाणाऱ्यांनी तर जास्तच जपा, कारण त्या वेळी माणूस घासाघीस करूच शकत नाही. आपल्या गुरुजींकडून किंवा आधी जाऊन आलेल्या नातेवाईकांकडून तिथल्या उपाध्यायांचा नंबर घ्या, बरीच मराठी घराणी तिकडे पिढ्यानपिढ्या आहेत, आणि विधी कोणते, साहित्य कोणाचं, दक्षिणा एकूण किती हे व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. लिहून द्यायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडे जाऊ नका.