दिवाळीचा फराळ लेस्टर आणि डब्लिनला पाठवणाऱ्यांसाठी, लक्ष्मीनगरच्या पार्सलवाल्याचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली सांगते.

नागपुरात परदेशी पार्सल घेणारी दुकानं आता खूप झालीत, बर्डीला आहेत, सदरला आहेत, धरमपेठेत तर आहेतच, आणि सगळे जण "हो जी, इंग्लंडला जाते, युरोपला जाते, काही टेन्शन घेऊ नका" असंच म्हणतात. पण ज्यांची माणसं इंग्लंडातही आहेत आणि युरोपातही, त्यांनी आठ रस्ता चौकाजवळच्या या छोट्याशा दुकानात जा असं मी अगदी मनापासून सांगून राहिले. बाकीच्यांना इंग्लंड आणि आयर्लंड एकाच खोक्यातले वाटतात, या माणसाला पक्कं माहीत आहे की ते आता एका खोक्यातले नाहीत, आणि दिवाळीच्या टायमाला तेवढ्या एका गोष्टीवर सगळं अवलंबून असतं.

माझी मुलगी इंग्लंडात लेस्टरला आहे आणि बहिणीचा मुलगा आयर्लंडमध्ये डब्लिनला. आधी आमची पद्धत सोपी होती, एकच मोठा डबा लेस्टरला पाठवायचा, मुलगी तिथं उघडून अर्धा स्वतः ठेवायची आणि अर्धा तिथल्या पोस्टातून भावाला डब्लिनला टाकायची. ना फॉर्म, ना कस्टम, ना कर, इथून नागपूरहून अमरावतीला पाठवल्यासारखं, कारण दोन्ही देश युरोपियन युनियन या युरोपातल्या देशांच्या संघात होते आणि आतल्या आत माल फिरायला सीमा नव्हतीच. मग ब्रिटननं २३ जून २०१६ ला मतदान केलं, ५१.९ टक्के लोक बाहेर पडा म्हणाले, ३१ जानेवारी २०२० ला ते कागदावर बाहेर पडले, आणि ३१ डिसेंबर २०२० ला जुने नियम चालू ठेवायची अकरा महिन्यांची मुदतही संपली. १ जानेवारी २०२१ पासून मुलीनं भावाला पाठवलेला चकलीचा डबा हा परदेशी माल झाला. बातम्यांत पौंड पडला, पंतप्रधान गेले, असंच सगळं यायचं, पण आमच्या घरी ब्रेक्झिट, म्हणजे ब्रिटनचं हे बाहेर पडणं, आलं ते या डब्यातून.

मग आम्ही डब्लिनचं पार्सल इथूनच वेगळं टाकायला लागलो. एका कुरिअरवाल्यानं (नाव घेत नाही, शहरातलाच आहे) डब्यावर फक्त "फूड आयटम" लिहून दिलं, व्हॅल्यू मनानं टाकली, यादी नाही, काही नाही. ते पार्सल तिथल्या कस्टममध्ये अडकलं, भाच्याला कर भरा म्हणून कळवलं, वर हाताळणीचे पैसे वेगळे, आणि शेवटी त्यातलं दुधाचं जे होतं ते काढून टाकलं गेलं. तक्रार केली तर म्हणे आमचं काम विमानात चढवण्यापर्यंतच. माझ्या बहिणीनं दोन दिवस कढईसमोर बसून केलेलं होतं ते. राग येणारच नं.

म्हणून या लक्ष्मीनगरवाल्या भाऊकडे गेले तेव्हा आधी त्याची परीक्षाच घेतली. म्हटलं, दोन डबे आहेत, एक लेस्टर एक डब्लिन, सारखाच माल. तर तो म्हणाला, "काकू, माल सारखा असू द्या, पण कागद सारखा नाही होणार." आणि दोन्ही डबे उघडायलाच लावले. प्रत्येक पाकीट बाहेर काढून काउंटरवर मांडलं आणि फॉर्मवर लिहीत गेला: शेव, बेसन आणि तेल, एक किलो. चिवडा, पातळ पोह्यांचा, एक किलो. चकली, भाजणीची. सावजी मसाला, सीलबंद, अर्धा किलो. प्रत्येकासमोर वजन, किंमत, कशापासून बनलंय ते. खव्याची संत्रा बर्फी हातात घेतली आणि बाजूला ठेवली, "ही दोन्हीकडे नाही जाणार, दुधाची आहे, उगीच पूर्ण डबा अडकेल." बेसनाच्या लाडवांचंही त्यानं स्पष्ट सांगितलं की तुपाचे आहेत, तिथला अधिकारी कसा बघेल यावर आहे, गॅरंटी देत नाही. मला हे खूप आवडलं. हो हो म्हणून घेऊन टाकणारा माणूस सोपा वाटतो पण नंतर तोच महागात पडतो.

किमतीचंही त्यानं नीट समजावलं. एका माणसानं दुसऱ्या माणसाला पाठवलेली भेट असेल तर ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंत आयातीवरचा व्हॅट लागत नाही, आणि युरोपियन युनियनमध्ये, म्हणजे डब्लिनला, ही मर्यादा ४५ युरोची. दोन्ही आपल्याकडे साडेचार हजारांच्या आसपास येतात, पण नियम दोन, चलन दोन. भेट नसून विकत मागवलेली वस्तू असली तर युरोपनं १ जुलै २०२१ पासून २२ युरोखालची जुनी सूट काढून टाकलीये, पहिल्या युरोपासून व्हॅट. त्यामुळे "गिफ्ट" हा शब्द, पाठवणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव हे सगळं नीट असावं लागतं. खोटी किंमत तो टाकत नाही. माझ्यासमोर एका गृहस्थांनी आग्रह केला की पाचशे रुपये लिहा, त्यानं सरळ नाही म्हटलं.

त्याच वेळी एक ताई उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचं पार्सल घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, हे यूकेच आहे, यूकेचाच फॉर्म भरा. भाऊ म्हणाला देश यूके, पण खाण्याच्या मालाला नियम युरोपचेच. आणि ते बरोबर आहे, कारण आयर्लंड बेटाच्या मधोमध पुन्हा सीमा उभी राहू नये म्हणून उत्तर आयर्लंडला मालाच्या बाबतीत युरोपच्या नियमांतच ठेवलंय, म्हणजे सीमा सरकून समुद्रात गेली, एकाच देशाच्या दोन भागांच्या मध्ये. यावरून तिथलं राजकारण एवढं पेटलं की फेब्रुवारी २०२२ पासून फेब्रुवारी २०२४ पर्यंत, म्हणजे दोन वर्षं, तिथं सरकारच चाललं नाही, मधे २०२३ मध्ये विंडसर फ्रेमवर्क नावाचा नवा तोडगा काढावा लागला. त्या ताईंना हे सगळं ऐकून धक्काच बसला. लेक तिथं राहते आणि त्यांना वाटायचं की हे फक्त मोठ्या कंपन्यांचं दुखणं.

मला इथं जकात आठवते. नागपुरात २०१३ पर्यंत जकात होती, शहराच्या वेशीवर नाके होते, ट्रक लाईनीत उभे, आणि इतवारीच्या व्यापाऱ्याला विचारा की त्याला कर जास्त नकोसा होता की ते थांबणं, पावत्या, खोळंबा. ब्रिटननं स्वतःच्या मर्जीनं तो नाका परत बसवला. आणि गंमत नाही, खरंच लोकांना हे कळत नाही की ब्रिटन आणि युरोपमध्ये आजही बहुतेक मालावर कर शून्य आहे, २४ डिसेंबर २०२० ला जो करार झाला त्यात तेच ठरलं होतं. पण शून्य कर मिळवायला आधी सिद्ध करावं लागतं की माल खरंच ब्रिटनमध्ये बनलाय. आता लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरचा आपला भारतीय होलसेलवाला घ्या, तो भारतातून मसाला, लोणचं, कपडे मागवतो आणि पूर्वी तिथूनच डब्लिनच्या किराणावाल्याला द्यायचा. तो माल ब्रिटनचा नाही, भारताचा, म्हणजे शून्य कराचा फायदा नाही, आयर्लंडमध्ये शिरताना जो काही युरोपचा कर असेल तो परत लागू शकतो, वर कागद वेगळे. मोठी कंपनी दोन गोदामं करते, एक तिकडे एक इकडे. छोटा दुकानदार काय करेल, तो गिऱ्हाईकच सोडतो. आयर्लंडनंही रस्ता बदलला, त्यांचे ट्रक आधी ब्रिटन ओलांडून फ्रान्सला जायचे, २०२१ पासून रॉसलेअर बंदरातून थेट फ्रान्सला जाणाऱ्या बोटी वाढल्या. त्याच जानेवारीत डच अधिकारी ब्रिटनहून आलेल्या ड्रायव्हरांचे हॅम सँडविच काढून घेत होते, कारण मांसाचं-दुधाचं बाहेरून आत नेता येत नाही, ते टीव्हीवर पाहिलं असेल तुम्ही. लोक हसले त्यावर, मला नाही हसू आलं, कारण तोच नियम आमच्या बर्फीला लागला.

मतदानाच्या आधी बाहेर पडा म्हणणाऱ्यांनी बसवर लिहून फिरवलं होतं की आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, ते दवाखान्यांना देऊ. तो आकडा दिशाभूल करणारा आहे असं तिथल्या सरकारी सांख्यिकी संस्थेनंच सांगितलं. आणि तिथलीच सरकारी अर्थसंकल्प कचेरी म्हणते की लांब पल्ल्यात देशाची उत्पादकता आत राहिले असते त्यापेक्षा ४ टक्क्यांनी कमी राहील. मला सगळ्यात जास्त हे लागतं की मतं मागताना या फॉर्मबद्दल, या रांगेबद्दल कोणी साध्या माणसाला सांगितलंच नाही. परदेशी माणसं कमी होतील म्हणून मत दिलं, तर युरोपातून येणं कमी झालं आणि आपल्याकडून जाणं वाढलं, २०२३ पर्यंत निव्वळ स्थलांतर वर्षाला ९ लाखांच्या वर गेलं. त्याचा राग आता आपल्या पोरांवर निघून राहिला, म्हणून व्हिसाचे नियम पुन्हा आवळले.

पण खरं ते सांगायलाच पाहिजे, माझ्या मुलीला पॅरिसला जायला आधीही व्हिसा लागायचा आणि आताही लागतो, भारतीय पासपोर्टवाल्यांचं त्यात काही गेलं नाही. गेलं ते तिच्या ब्रिटिश मैत्रिणींचं, त्यांना आता १८० दिवसांत ९० च दिवस राहता येतं आणि बऱ्याच मोबाईल कंपन्यांनी युरोपात रोमिंगचे पैसे परत लावले. आणि बाहेर पडल्यामुळेच ब्रिटन आपल्याशी स्वतंत्र करार करू शकला, २४ जुलै २०२५ ला सही झाली, भारतातून जाणाऱ्या जवळपास ९९ टक्के प्रकारच्या मालावरचं शुल्क काढायचं त्यात ठरलं. हा फायदा खराच आहे, इथल्या कापडवाल्यांसाठी चांगलंच. फक्त दुकानात लोक विचारत होते की मग आता फराळ बिनधास्त जाईल का, तर भाऊनं बरोबर सांगितलं, शुल्क वेगळं, व्हॅट वेगळा आणि दुधाचा नियम वेगळा, करारानं बर्फी सुटत नाही. तिकडे मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि युरोपनं खाद्यपदार्थांचे नियम पुन्हा जुळवून घ्यायचं ठरवलंय. झालं तर चांगलंच. आमच्या वरूड-काटोलकडच्या संत्रावाल्यांना विचारा, बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत नेलं तेव्हा बागेतल्या भावाचं काय झालं ते, दुसऱ्या देशातल्या एका निर्णयानं इथला माणूस कसा हलतो हे त्यांना कोणी शिकवायची गरज नाही.

आता कामाचं. लेस्टरचा दर किलोला साडेपाचशेच्या आसपास पडला, डब्लिनचा त्याहून शंभर-सव्वाशे जास्त. पॅकिंगचे पैसे वेगळे घेतात, पण व्हॅक्यूम पॅकिंग उत्तम, मुलगी म्हणाली एक चकली तुटली नव्हती, आणि नागपूरच्या शेवेला तिथल्या थंडीतही वास तोच होता. दोन्ही डबे आठवड्याच्या आत पोचले, डब्लिनला एक रुपया कर लागला नाही, भाच्यानं व्हिडिओ कॉलवर डबा उघडून दाखवला आणि माझी बहीण रडायलाच लागली.

अर्धा स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी. चिवडा वजनाला हलका पण जागा खातो, त्यामुळे बिल डब्याच्या मापावर लागतं, किलोवर नाही, हे त्यानं आधी सांगायला हवं होतं, मी पैसे द्यायच्या वेळी कळलं. आणि फोन उचलत नाहीत, व्हॉट्सअपवर मेसेज टाका, संध्याकाळपर्यंत उत्तर येतं. गाडी लावायला जागा नाही.

आधार कार्डाची झेरॉक्स न्या, घेणाऱ्याचा फोन नंबर आणि पिनकोड तिथल्या माणसाकडून टाईप करून मागवा, तोंडी लिहून घेऊ नका. दसऱ्यानंतर लगेच गेलात तर भाऊ निवांत बोलतो, धनत्रयोदशीच्या आधीच्या आठवड्यात रस्त्यापर्यंत लाईन असते आणि तेव्हा दिलेला डबा दिवाळीला पोचत नाही, हे तो स्वतःच सांगून पार्सल परत करतो.