गोबरगॅसवर फ्युएल सेल: गंधक काढायला गंज, कोळसा की झिंक ऑक्साइड?

भूम-परंडा भागात खव्याच्या भट्ट्या जागोजागी, म्हणजे दुभती जनावरं आणि शेणही मुबलक. जनरेटर सोडून गोबरगॅसवर फ्युएल सेल (गॅस न जाळता रासायनिक क्रियेने वीज करणारं यंत्र) बसवायचं मनात असेल, तर आधी गंधकाचं बघा. शेणाच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड हा गंधकाचा वायू सहज १००० ते ३००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत तेवढे भाग, असतो. आमच्या घरी गोबरगॅसच्या चुलीजवळ बसून आईची चांदीची जोडवी काळी पडायची, ती त्यानेच. चूल तेवढं सोसते. सॉलिड ऑक्साइड सेल या खूप उष्णतेवर चालणाऱ्या फ्युएल सेलला मात्र तो १ पीपीएमच्या आत लागतो; नाहीतर आतल्या निकेलला चिकटून बसतो आणि वीज घटत जाते. पेम सेल हा दुसरा प्रकार शुद्ध हायड्रोजनवर चालतो; त्या हायड्रोजनसाठी मर्यादा ०.००४ पीपीएम आहे, त्या वाटेला शेतकऱ्याने जाऊ नये.

गंज सगळ्यात स्वस्त. लेथवाल्याकडचा लोखंडी कीस सोड्याने धुऊन तेल काढायचं, पाणी मारून गंजवायचा, पिंपात भरून खालून गॅस सोडायचा. गंधक धरत लाल कीस खालून वर काळा होत जातो. तो बाहेर पसरला की हवेने पुन्हा लाल होतो, परत वापरता येतो. पण तेव्हा तो तापतो, ढीग ठेवला तर पेटतोसुद्धा. म्हणून पातळ थर, पाण्याचा शिडकावा आणि कडब्याच्या गंजीपासून लांब.

पोटॅश लावलेला सक्रिय (बारीक छिद्रांचा) कोळसा गंजातून सुटलेले उरलेसुरले पीपीएमही धरतो. पण तो महाग, आणि भरला की टाकायचा. रोज २० घनमीटर गॅस आणि २००० पीपीएम धरले, तर दिवसाला सुमारे ५५ ग्रॅम, महिन्याला दीड किलोच्या वर हायड्रोजन सल्फाइड येतो. हा सगळा भार एकट्या कोळशावर टाकणं परवडणार नाही.

झिंक ऑक्साइड हे जस्ताचं संयुग गंधक धरायला उत्तम, पण त्याला ३०० ते ४०० अंश उष्णता लागते. सेलचा पुरवठादार ते आतच बसवून देत असेल तरच घ्या.

मी गंजाची दोन पिंपं पुढे लावीन, म्हणजे एक उघडलं तरी गॅस चालू राहतो. त्यामागे कोळशाचे दोन डबे, एकापाठोपाठ एक. हा वायू लागला की रंग बदलणारा लेड ॲसिटेटचा कागद या दोन डब्यांच्या मधल्या तोटीला धरायचा. तिथे तो तपकिरी झाला की पहिला डबा बदला. शेवटच्या तोटीला रंग दिसेपर्यंत थांबलात तर विष सेलमध्ये पोचलेलं असतं. नाकावर भरवसा ठेवू नका. १०० पीपीएमच्या वर वास येईनासा होतो, आणि पिंप उघडणारा माणूस तिथेच वाकलेला असतो.